शिंकलं की लघवी गळते, बाळ ४ महिन्यांचं आहे

प्रश्न (सातारा): नॉर्मल डिलिव्हरी झाली. शिंक आली, जोरात हसले किंवा पाण्याची कळशी उचलली की थोडी लघवी होतेच. सासूबाई म्हणतात बाळंतिणीला होतंच असं, पाणी कमी पी, पण मी अंगावर पाजतीये, तहान खूप लागते. लग्नाकार्याला जायचंसुद्धा टाळते आता. कुणाला झालंय का? कमी होतं का?

उत्तर (सांगली): अगं होतं कमी, मला झालेलं. पाणी अजिबात तोडू नकोस, लघवी पिवळी होऊन मूत्राशयाला जास्तच त्रास होतो आणि बद्धकोष्ठ झालं की कुंथून खालच्या स्नायूंवर अजून ताण. चहा मात्र कमी कर. केगल व्यायाम कर, लघवी आणि वारा दोन्ही एकदम रोखल्यासारखं आत-वर आवळायचं, जमेल तसं १० सेकंदांपर्यंत धरायचं, मग पूर्ण सैल सोडायचं. श्वास चालू, पोट-मांड्या ढिल्या. असं ८-१० वेळा, दिवसातून ३ वेळा, बाळाला पाजताना बसल्या बसल्या होतं. निदान ३ महिने सोडायचं नाही.

उत्तर (कराड): शिंक येतीये वाटलं की आधीच आवळून धर, कळशी उचलतानाही तसंच. लघवी करताना मधेच थांबवायचा व्यायाम नको. आणि लग्नाला जा गं, पॅड लावून जा.

उत्तर (मिरज): जळजळ, ताप, लघवीत रक्त असेल तर थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. ३ महिने व्यायाम करून फरक नाही पडला तर स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगून फिजिओथेरपिस्टकडे जा, नीट स्नायू आवळतायत का ते त्या तपासून शिकवतात.