सोलर पंपाच्या पॅनलवर ग्राफीन कोटिंग मारून घ्यावं का?

बालाघाटकर:
नमस्कार मंडळी. औसा तालुक्यात शेती आहे, दोन वर्षाखाली योजनेतून ५ एचपीचा सोलर पंप बसवला, चांगला चालायलाय, पण मे महिन्यात ऐन दुपारी पाणी कमी मारतो, वरून ऊन तर डोळे फोडायलंय मग पंप का सुस्तावतो तेच कळंना. परवा गावात एक एजंट आला, म्हणला हे ग्राफीन आहे, ह्याला नोबेल मिळालंय, काचेवर फवारलं की नॅनो कण ऊन ओढून घेतेत अन् वीज ३० टक्के वाढती. सगळ्या पॅनलचे मिळून ९ हजार. शेजारच्या पाव्हण्यानं तर इसारबी देऊन टाकला. नॅनो म्हणलं की मला आधी ती युरियाची बाटली आठवती, पण पोरगं बारावी सायन्सला आहे, ते म्हणायलंय की अप्पा ग्राफीन खरंच असतंय. कुणी मारून घेतलंय का?

पाना_पेंचिस (परभणी):
मालक, पैसे खिशात ठेवा. मी सोलर फिटिंगचंच काम करतो. पॅनलच्या मागं जे वॅट लिहिलेले असतेत ते २५ डिग्रीचे, अन् आपल्याकडं मे मध्ये पॅनल ६०-६५ ला जातंय, हात लावून बघा चटका बसतो. एका डिग्रीला साधारण ०.३५ टक्का पॉवर पडती, म्हणजे ४० डिग्री वर गेलं की १४ टक्के तिथंच गेले. त्यात धूळ. अन् त्यात उन्हाळ्यात विहिरीचं पाणीबी खाली गेलेलं असतंय, तेवढ्याच विजेत जास्त खोलातून ओढायचं म्हणल्यावर पाणी कमीच येणार की! पॅनल सकाळी गार असताना धुवा, दुपारी तापलेल्या काचेवर पाणी मारू नका. अन् बोअरचं जड पाणी काचेवर वाळू देऊ नका, पांढरे डाग धरतेत ते नंतर घासूनबी निघत नाहीत, धुतलं की लगेच फडक्यानं पुसून घ्या. काचेवर काही फवारायच्या आधी वॉरंटीचा कागदबी वाचा.

प्रयोगवही:
मी संभाजीनगरला ग्राफीन ऑक्साइडवरच (म्हणजे ऑक्सिजन जोडलेलं ग्राफीन) पीएचडी करतेय, म्हणून राहवलं नाही. अप्पा, तुमच्या मुलाचं बरोबर आहे आणि एजंटचं चूक. गाइम आणि नोवोसेलोव या शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये मँचेस्टरला ग्राफाइटवर, म्हणजे पेन्सिलीत असतं त्यावर, चिकटपट्टी लावून ओढून ओढून कार्बनचा एका अणूइतका जाड पापुद्रा वेगळा काढला, २०१० चं नोबेल त्या कामाला आहे, बाटलीला नाही. आता गंमत बघा, तो एक थर उजेड शोषतो फक्त २.३ टक्के. एका अणूच्या जाडीला हे खूपच आहे, पण पॅनलच्या हिशोबात काहीच नाही. आणि मुख्य म्हणजे शोषलेल्या उजेडाची वीज व्हायला तो थर सर्किटमध्ये असावा लागतो. काचेच्या वर बसलेल्या थराला ना प्लस ना मायनस, तो नुसता तापणार. उलट दहा थर बसले तर खालच्या सिलिकॉनचं २० टक्के ऊन तुम्हीच अडवलं!

बालाघाटकर:
ताई, हे पटलं. पण मग जगात लोक ग्राफीन अन् सोलर, ग्राफीन अन् सोलर करून काहून ओरडायलेत?

प्रयोगवही:
कारण ते ऊन पकडण्यापेक्षा वाहतुकीला भारी आहे. उजेड पडला की पदार्थात इलेक्ट्रॉन सुटतो आणि त्याच्या मागे रिकामी जागा राहते, दोघं लगेच परत एकत्र आले की वीज गेली, उरली नुसती उष्णता. आम्ही टायटॅनियम डायऑक्साइड घेतो, पांढऱ्या रंगात असतो तोच, तो अतिनील किरणांवरच चालतो आणि ते उन्हात जेमतेम ४-५ टक्के. त्याला ग्राफीन जोडलं की सुटलेला इलेक्ट्रॉन त्याच्यावरून पळून जातो, परतायला वेळच मिळत नाही. फडातून ऊस उचलायला ट्रक वेळेवर आल्यासारखं समजा, ऊस ट्रक पिकवत नाही पण ट्रक नसला तर फडात वाळतो. शिवाय पारदर्शक असून वीज वाहतं, म्हणून काही सोलर सेलवर वीज वाहून न्यायला जो महागड्या इंडियम धातूचा पारदर्शक थर असतो त्याऐवजी वापरता येईल का हे बघतात. सिलिकॉनवर ग्राफीन ठेवून केलेले सेल २०१० मध्ये पडलेल्या उन्हातल्या जेमतेम दीड टक्क्याची वीज करत होते, २०१५ पर्यंत १५ च्या पुढे गेले, पण प्रयोगशाळेतल्या छोट्याशा तुकड्यावर. तुमच्या शेतातलं साधं सिलिकॉन पॅनल आजच २० च्या आसपास देतं.

आणि हे ग्राफीन ऑक्साइड बनवणं म्हणजे वैताग आहे हो. ग्राफाइट सल्फ्युरिक ॲसिडमध्ये टाकायचं, बर्फात ठेवायचं, मग पोटॅशियम परमँगनेट चिमूट चिमूट, घाई केली आणि तापलं तर स्फोटाची भीती. गेल्या मेमध्ये मध्येच लाइट गेली, बर्फ वितळायला लागला आणि मी खालच्या रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी उचलून आणली. नंतर ते धूत बसायचं, ॲसिड जसं निघत जातं तसं ते जेलीसारखं फुगतं आणि खाली बसतच नाही. चार दिवस धुतल्यावर हातात चमचाभर तपकिरी चिखल. हे फवारणी पंपात कोण भरणार आणि ९ हजारात कसं परवडणार ते एजंटलाच विचारा.

आपल्या कामाचं म्हणाल तर मला पाण्याचं जास्त वाटतं. ग्राफीन ऑक्साइडची काळी चकती पाण्यावर तरंगत ठेवली की उष्णता वरच्या थरातच राहते, वाफ होते, ती थंड करून गोडं पाणी, क्षार-फ्लोराइड खाली. अर्थात भर उन्हात एका चौरस मीटरला तासाला दीड लिटरच्या आसपासच मर्यादा आहे, प्यायला ठीक, उसाला नाही 😄

पाना_पेंचिस:
ताईंनी लै भारी सांगितलं. मालक, तरीबी मन मानत नसंल तर एजंटला म्हणा एकाच पॅनलला मार. मी येतो, दोन पॅनल सोडवून एकाच वेळी दोन्हीचा शॉर्ट सर्किट करंट डीसी क्लॅम्प मीटरवर बघू. आधी दोन्ही काचा सारख्या धुवायच्या, नाहीतर नुसत्या पुसण्याचं श्रेय त्याला मिळायचं. अन् स्वतः वायरी काढायला जाऊ नका, डीसीची ठिणगी वाईट असती.

बालाघाटकर:
लावला एजंटला फोन. म्हणलं एका पॅनलला मारा, फिटर येतोय, मीटर लावून बघू. तर म्हणतो, अप्पा हे मीटरमध्ये येत नसतंय, पिकात दिसतंय. पाव्हणा आता इसार मागायला लातूरला गेलाय.