पायाळू बाळंतपण: हातोटी शिकवायची की सरळ सिझर?

लेबररूमची_सिस्टर: परवा रात्री अक्कलकोटकडून एक बाई वडापच्या जीपनं आली. दुसरी खेप, बाळाचं ढुंगण बाहेर दिसतंय. थिएटरपर्यंत न्यायलाही वेळ नव्हता. ड्यूटीवरच्या पोरीनं घाबरून पाय ओढले आणि बाळाचे हात गेले मानेमागे. सीनिअर मॅडम धावत आल्या. टॉवेलनं कंबरेची हाडं धरली (पोट नाही!), बाळ अर्धं फिरवलं, एक हात सुटला. उलट फिरवलं, दुसरा सुटला. रडायला वेळ लावला, पण रडलं. ठरवून सिझर करा, माझी हरकत नाही. पण ही हातोटी शिकवणं बंद करू नका.

सिझरच_बरं: नाही पटत. धड निसटतं, पण डोकं मोठं, ते शेवटी येतं. पिशवीचं तोंड पुरतं उघडलेलं नसेल तर तिथंच अडकतं, वर नाळ दबलेली. 2000 साली 26 देशांतला अभ्यास आला. खालून करायची ठरवलेल्या प्रसूतीत बाळाचा मृत्यू किंवा गंभीर इजा 5 टक्के, सिझरमध्ये 1.6. अजून काय हवं? शिकवलं की कुणीतरी 'बघू ट्राय करून' म्हणणारच. छत्तिसाव्या आठवड्यात सोनोग्राफी करा, तारीख द्या, विषय संपला.

पूर्वभागवाला: आमची आजी पायाळू. उसण भरली की अख्खी गल्ली तिची लाथ खायला यायची. पणजी कशी वाचली ते मात्र कुणी विचारलं नाही.

लेबररूमची_सिस्टर: @सिझरच_बरं त्याच अभ्यासातली मुलं दोन वर्षांनी तपासली तेव्हा मृत्यू आणि वाढीतला मागेपणा धरून फरक उरला नव्हता, तेही सांगा की. असो, मी खालून प्रसूतीची वकिली करत नाहीये. तुम्ही तारीख द्याल, पण बाई ऊसतोडीला गेलेली असते. ती तारखेला नाही, कळांना येते.

जीएनएम_दुसरं_वर्ष: सिस्टर, डोकंच अडकलं तर?

लेबररूमची_सिस्टर: बाळ हातावर पालथं घ्यायचं, पाय दोन्हीकडं. दोन बोटं गालाच्या हाडांवर, दुसऱ्या हाताची बोटं मानेमागून, हनुवटी छातीकडं वळवायची. त्याच वेळी दुसरीनं आईच्या ओटीपोटावरून दाबायचं. नाहीच जमलं तर फोर्सेप्स (डोकं धरायचा चिमटा), ते डॉक्टरांचं काम. खेचायचं नाही.

सिझरच_बरं: बरं, बाहुलीवर शिकवा. पण भिंतीवर पहिली ओळ 'ओढू नका'. दुसरी, भूलवाले आणि बाळाचे डॉक्टर यांना आधी फोन.

लेबररूमची_सिस्टर: दुसरी लावलेली आहे ओ. नंबर जुना आहे.