हॉस्टेलात राहणं परवडतं का? अनुभव धागा

प्रवेश पक्का झाला की पुढचा प्रश्न हाच: विद्यापीठाचं हॉस्टेल घ्यायचं की बाहेर खोली बघायची? उत्तरं बहुतेकदा 'धमाल असते' आणि 'जेल असतो' या दोन टोकांतच संपतात. ज्यांनी हॉस्टेलात वर्षं काढली आहेत किंवा हॉस्टेल चालवलं आहे, त्यांनी इथे नेमकं लिहा. पैसे कशात जातात, खोलीत काय बिघडतं, फॉर्म भरण्याआधी काय विचारायचं. किस्से नकोत, त्यासाठी अख्खं आयुष्य पडलंय.

जमाखर्च
भाड्याचे दोन आकडे शेजारी मांडून तुलना करू नका. वर्षाचा एकूण खर्च काढा आणि त्या खोलीत तुम्ही खरोखर जितक्या रात्री झोपणार आहात त्या संख्येने भागा. हॉस्टेलच्या रकमेत वीज, पाणी, इंटरनेट, पलंग-टेबल-कपाट आणि दुरुस्ती बहुधा धरलेली असते. बाहेर ते सगळं वेगळं. शिवाय बाहेरचा करार अनेकदा १२ महिन्यांचा आणि शैक्षणिक वर्ष ९-१० महिन्यांचं, म्हणजे दोन-तीन महिने रिकाम्या खोलीचं भाडं. उलटही होतं: काही हॉस्टेलं सुट्टीत पूर्ण रिकामी करायला लावतात. तेव्हा सामान ठेवण्याचा आणि दुसरीकडे राहण्याचा खर्च हॉस्टेलच्या खात्यात लिहायचा.

प्रवासाचा वेळही मोजा. एका बाजूला ४५ मिनिटं, आठवड्यात ५ दिवस, म्हणजे आठवड्याला साडेसात तास आणि महिन्याला साधारण ३० तास. फरक दहा मिनिटांचाच असेल तर मात्र जवळ असण्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

आणखी एक गोष्ट, जी सहसा कोणी हिशेबात धरत नाही. चौघांनी मिळून घर घेतलं आणि करारात चौघांची जबाबदारी एकत्र असेल, तर एकजण मध्येच गेल्यावर त्याचं भाडं उरलेल्या तिघांच्या गळ्यात पडतं. हॉस्टेलात करार बहुतेक ठिकाणी एका माणसापुरता, एका पलंगापुरता असतो. पहिल्या वर्षी हॉस्टेल घ्यायचं सगळ्यात भक्कम कारण माझ्या मते हेच. ओळखी-बिळखी नंतर.

कलमवाली
वरचं बरोबर, पण एका पलंगापुरता करार म्हणजे वाटेल तेव्हा सोडता येतो असं नाही. मध्येच सोडलं तर तुमच्या जागी कोणी येईपर्यंत, किंवा थेट वर्षअखेरपर्यंत, भाडं लावणारं कलम बऱ्याच करारांत असतं. ते आधी शोधा. मग क्रमाने: नाव मागे घ्यायची शेवटची तारीख, मेसची सक्ती आहे का आणि गैरहजेरीचे पैसे परत मिळायला किती दिवस आधी कळवावं लागतं, पाहुण्याला रात्री राहू देतात का, खोली बदलून देण्याचा हक्क कोणाला. अनेक ठिकाणी हॉस्टेलचा करार भाडेकराराचा नसून फक्त राहण्याच्या परवानगीचा असतो. त्यामुळे तपासणीला आत येणं, तुम्हाला दुसऱ्या खोलीत हलवणं असे अधिकार व्यवस्थापनाकडे राहतात. हे ज्यांना जाचणार आहे, त्यांनी सही करण्याआधीच विचार करावा.

तिसरा मजला
खोली निवडायची मुभा असेल तर फोटो बघण्याऐवजी मजल्याचा नकाशा मागा. लिफ्ट, जिना, स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याची खोली यांना लागून असलेली भिंत नको. आग रोखणारे जड दरवाजे आपोआप मिटतात आणि रात्रभर आपटत राहतात, म्हणून कॉरिडॉरमधल्या अशा दरवाजाला लागून असलेली खोलीही टाळा. वरचा मजला: डोक्यावर पावलं नाहीत, पण छत तापतं. तळमजला: ये-जा, खिडकीची सुरक्षा, ओल. मधला मजला, कॉरिडॉरचा मध्य आणि टोक यांच्या बरोबर मधोमध, ही माझी शिफारस.

वायरमन
'कालपर्यंत तर चालत होतं' या तक्रारीचं गणित सांगतो. २३० व्होल्टवर २००० वॉटची किटली साधारण ८.७ अँपिअर घेते, १००० वॉटची इस्त्री ४.३. मिळून १३. खोलीचा एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच) १० अँपिअरचा असेल तर तो त्याच क्षणी पडेलच असं नाही. आतली पट्टी तापायला वेळ लागतो, मग काही वेळाने पडू शकतो. किटली एकटी असती तर १० अँपिअरच्या आतच राहिली असती. पडलेला एमसीबी पुन्हा पुन्हा वर ढकलू नका, आधी एक प्लग काढा. एक्स्टेन्शन बोर्डावर किती अँपिअर लिहिलंय ते वाचा, बोर्डाला दुसरा बोर्ड जोडू नका, आणि वायर गुंडाळलेल्या अवस्थेत जड उपकरण चालवू नका. उष्णता बाहेर पडत नाही, इन्सुलेशन वितळतं.

धुराचा सेन्सर वाफेने आणि डिओडरंटच्या फवाऱ्यानेही वाजतो. बाथरूमचं दार उघडं टाकून गरम पाण्याने अंघोळ केली की मध्यरात्री अख्खी इमारत खाली. उपाय दार लावण्याचा आणि पंखा चालू ठेवण्याचा आहे, सेन्सरवर पिशवी बांधण्याचा नाही. त्याला दंड असतो आणि तो योग्यच आहे.

रेक्टर, निवृत्त
ढेकणांबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. हॉस्टेलातली सगळ्यात महागडी अडचण हीच, कारण एका खोलीतून ती मजलाभर जाते.

खोलीचा ताबा मिळाला की बॅगा पलंगावर ठेवू नका. बाथरूममध्ये किंवा दाराजवळच्या उघड्या फरशीवर ठेवा. मोबाइलचा टॉर्च लावून गादीच्या कडेची शिवण चारही बाजूंनी बघा, मग गादी उचलून पलंगाच्या फळ्यांचे सांधे, स्क्रूची भोकं, डोक्याकडच्या फळीची मागची बाजू. पूर्ण वाढलेला ढेकूण सफरचंदाच्या बीएवढा असतो, पण तो दिसण्याआधी शाईचे थेंब पडल्यासारखे काळे ठिपके आणि पारदर्शक कात दिसते. सुट्टीत खोली रिकामी होती म्हणजे ती स्वच्छ आहे, हा समज सोडा. ढेकूण रक्ताशिवाय कित्येक महिने तग धरतो.

सापडले तर त्याच दिवशी लेखी कळवा. गादी कॉरिडॉरमध्ये काढून ठेवणं आणि मैत्रिणीच्या खोलीत झोपायला जाणं, या दोन गोष्टींनीच प्रादुर्भाव पसरतो. कपडे बंद पिशवीतून न्या, ६० अंशांवर धुवा, किंवा कोरडेच ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर अर्धा तास फिरवा. धुता न येणाऱ्या वस्तू उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस. दुकानातला स्प्रे स्वतः मारू नका: पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांना ढेकूण बऱ्याच ठिकाणी जुमानत नाहीत, शिवाय ते पांगून शेजारच्या भिंतीत शिरतात. अंडी आठवडा-दीड आठवड्यात फुटतात आणि फवारणीने ती मरतीलच असं नाही, म्हणून दोनेक आठवड्यांनी दुसरी फेरी लागतेच. एकाच फेरीवर भागवणारं व्यवस्थापन असेल तर पाठपुरावा करा आणि वरच्या, खालच्या व दोन्ही बाजूंच्या खोल्या तपासून घ्या. हा खर्च विद्यार्थ्यावर टाकतात की नाही, हेही करारात बघून ठेवा.

लांब सुट्टीनंतर आणखी एक: साचलेल्या कोमट पाण्यात, साधारण २० ते ४५ अंशांच्या दरम्यान, लीजिओनेला नावाचा जिवाणू वाढतो आणि तुषारांवाटे फुप्फुसात जातो. पहिल्या अंघोळीआधी शॉवर काही मिनिटं वाहू द्या आणि तेवढा वेळ तुम्ही बाहेर थांबा.

ओलसर भिंत
बुरशीचं खापर इमारतीवर फुटतं, पण निम्मं काम वाळत घातलेले कपडे करतात. मशीनमधून पिळून निघालेल्या एका लोडमध्ये दोनेक लिटर पाणी सहज असतं आणि खोलीत वाळवलं की ते हवेत जातं. पलंग आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून ५ ते १० सेंटीमीटर दूर ओढा, दिवसातून दोनदा दहा मिनिटं खिडकी सताड उघडा. हे करूनही आर्द्रता ६०-७० टक्क्यांच्या वर राहत असेल तर गळती शोधायला सांगा.

राउटर
बहुतेक हॉस्टेलात वाय-फाय विद्यापीठाच्या लॉगिनवर चालतं, अनेक ठिकाणी एड्युरोम, म्हणजे विद्यापीठांचं सामायिक वाय-फाय. फोन-लॅपटॉप जोडले जातात. प्रिंटर, स्मार्ट स्पीकर, काही गेमिंग कन्सोल असं लॉगिन स्वीकारतच नाहीत. त्यांचा मॅक पत्ता (उपकरणाचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) नोंदवून घेतात का ते विचारा. लॅनचं पोर्ट असेल तर सोबत केबल आणा.

रात्रपाळी
सगळे पहिल्या वर्षाचं बोलताहेत. ज्यांची झोप सावध आहे, प्रयोगशाळेत रात्री उशिरापर्यंत थांबावं लागतं, जोडीदारासोबत राहायचंय किंवा पथ्याचं खायचंय, त्यांना हॉस्टेल स्वस्त असूनही महाग पडतं. मेसच्या वेळा ठरलेल्या. चुकलेल्या जेवणाचे पैसे दोनदा जातात. दुसऱ्या वर्षी, बरोबरची माणसं पारखून झाल्यावर, बाहेर पडणं बहुतेकांना फायद्याचं.

कलमवाली
@रात्रपाळी, मान्य. फक्त पुढच्या वर्षाच्या खोल्यांचे अर्ज वर्ष संपायच्या कितीतरी आधी मागवतात, म्हणून पारखायला वाटतो तेवढा वेळ नसतो.

तिसरा मजला
स्वतंत्र बाथरूमसाठी जास्त पैसे देणाऱ्यांनो, सामायिक बाथरूम सफाई कर्मचारी धुतात, खोलीतलं तुम्हाला धुवावं लागतं. जाळीतले केस दर आठवड्याला काढा, नाहीतर पाणी तुंबून खालच्या खोलीत उतरतं. सामायिक स्वयंपाकघरात वारांची पाळी टिकत नाही, कारण कोणाचा तरी पेपर त्याच वारी असतो. कामं वाटा: एकाकडे कचरा, एकाकडे शेगडी, एकाकडे फ्रिज. फ्रिज ४ अंशांवर, कच्चं मांस सगळ्यात खालच्या कप्प्यात, डब्यावर नाव आणि तारीख.

जमाखर्च
अनामत रकमेचं राहिलं. ती कापली जाते ती मोडतोडीपेक्षा चिकटपट्टीने निघालेला रंग, गादीवरचे डाग, हरवलेली किल्ली आणि 'विशेष सफाई' यांसाठी. ताबा घेताना वस्तूंच्या यादीवर कोरी सही नको. प्रत्येक भिंत, गादीच्या दोन्ही बाजू, खिडकीची कडी, कपाटाची बिजागरं यांचे फोटो काढून त्याच दिवशी कार्यालयाला ई-मेलने पाठवा, म्हणजे तारखेचा वाद उरत नाही. यादी परत द्यायची मुदत काही ठिकाणी दोन-तीन दिवसांचीच असते. सोडताना रिकाम्या खोलीचे तेच फोटो त्याच कोनांतून, आणि किल्ली जमा केल्याची पावती वेळ घालून घ्या. ती हातात पडेपर्यंत भाडं तुमच्याच नावावर चालू असतं.