कोटिंग, ड्रायिंग ऑइल, क्युअर : डब्यावर मराठीत काय छापावं?

खाडीकाठ
वेंगुर्ल्याजवळच्या एका लहान कारखान्याचं माहितीपत्रक मराठीत करतोय. त्यांचा माल दोन प्रकारचा. काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेलं लोखंडाचं एपॉक्सी कोटिंग, आणि लाकडासाठी जवसाच्या तेलाचं. इंग्रजी मजकुरात कोटिंग, ड्रायिंग ऑइल (हवेत कडक होणारं तेल) आणि क्युअर (लेप कडक होणं) हे तीन शब्द ओळीओळीला येतात. कोशातलं 'शुष्कन तेल' चूक नाही, पण काम करणारा माणूस ते वाचून डबा परत फळीवर ठेवील. काय लिहू?

ब्रशवाला
'कोटिंग' राहू द्या, सगळ्यांना कळतं. पण 'दोन कोट द्यावेत' नको. रंगारी 'हात' म्हणतो : पहिला हात, दुसरा हात. उकळलेल्या जवसाच्या तेलाला आमच्या धंद्यात बेलतेल म्हणतात. बेलफळाचा त्यात काही संबंध नाही. 'बॉइल'चंच ते बेल झालं असावं असा माझा कयास.

जुनं पान
'रोगण' का विसरता? फारसीत रोगन म्हणजे तेल, तूप, कुठलाही स्निग्ध पदार्थ. मराठीत तो शब्द वरच्या चकचकीत लेपाचा झाला. तेलापासून केलेल्या मालाला याहून चपखल नाव कुठलं? विश्वकोशात पेंटला 'रंगलेप' आहे, पण तुमच्याकडे रंग दुय्यम आणि गंज अडवणं मुख्य, तेव्हा 'गंजरोधक रोगण' म्हणा. आणि कृपा करून 'वनस्पती तेलापासून' छापू नका, लोकांना डालडा आठवेल. 'वनस्पतिजन्य' लिहा, नाहीतर सरळ काजूचं, जवसाचं.

टरफल
या धंद्यात असल्यामुळे जरा लांबण लावतो. माझा आक्षेप 'सुकणं' या क्रियापदाला आहे. दोरीवरचं कापड सुकतं तेव्हा त्यातलं पाणी जातं. जवसाच्या तेलाचं उलट होतं. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, रेणू एकमेकांत गुंततात आणि पापुद्रा तयार होतो. वजन सुरुवातीला चक्क वाढतं. त्यामुळे 'उन्हात सुकवा' एवढंच लिहिलंत तर लोक ऊन बघतील, वारा बघणार नाहीत. डब्यात अर्धं उरलेल्या तेलावर जो पातळ पडदा येतो तो हाच प्रकार, आणि त्याला 'साय धरली' असं सगळेच म्हणतात. मग पत्रकातही तेच क्रियापद का नको?

काजूचं प्रकरण मात्र वेगळं. ओल्या काजूचा चीक हात भाजतो तो अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल यांच्यामुळे (बिब्बा त्याच कुळातला, त्याचाही गुण तोच). तेल तापवलं की त्या आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डानॉल उरतं. त्यापासून एपॉक्सीचे हार्डनर, म्हणजे बेसमध्ये कालवला की ते कडक करणारा दुसरा भाग, करतात. ते दमट हवेत, ओलसर लोखंडावरसुद्धा धरतात, म्हणून जहाजांच्या रंगात त्यांना मागणी आहे. हे कोटिंग हवेमुळे कडक होत नाही. बेस आणि हार्डनर एकत्र कालवले की त्यांची आपसात क्रिया होते. तेव्हा इंग्रजीत दोन्हीकडे 'क्युअर' असलं तरी मराठीत दोन क्रियापदं ठेवा. जवसाचं तेल साय धरतं, एपॉक्सी पक्कं होतं.

रापणकार
आमच्याकडे जुने लोक 'होडयेक तेल पाजूचा' म्हणतत. उंडीचं, करंजाचं. ते सुकलं की नाही हे कुणी विचारत नाही. लाकडाने प्यायलं की झालं.

टरफल
वा, हाच भेद मला मांडता येत नव्हता. तेल किती 'सुकणारं' आहे ते आयोडीन अंकावरून, म्हणजे शंभर ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन घेतं त्यावरून ठरवतात. साधारण 130 च्या वर असेल तर ते पापुद्रा धरतं. जवस 170 च्याही पुढे जातं. उंडी, करंज आणि एरंडेल शंभरच्या आतबाहेर. म्हणजे पहिलं वर चढतं, बाकीची आत मुरतात. एरंडेलातून रासायनिक क्रियेने पाणी काढून घेतलं की तेही साय धरायला लागतं, आणि मग ते रोगणात चालतं. तेव्हा पत्रकात 'पाजणे' आणि 'चढवणे' यांची गल्लत होऊ देऊ नका. जवसाचं तेल लाकडाला आधी पातळ करून पाजा, मग वरचे हात चढवा.

जुनं पान
'गंज' की 'तांब'?

रापणकार
घरात तांबच. छापील कागदावर गंज बरा, रत्नागिरीच्या पलीकडेही वाचायचा आहे ना.

खाडीकाठ
मसुदा असा झाला :
'लोखंडावरचा गंज व मीठ खरवडून गोड्या पाण्याने धुवावे. बेस व हार्डनर सांगितलेल्या प्रमाणात कालवावे. कालवलेला माल साठवू नये. दोन हात द्यावेत. पहिला हात पक्का झाल्यावरच दुसरा द्यावा. लाकडासाठी : पहिला हात पातळ करून पाजावा, जादा तेल फडक्याने पुसून घ्यावे, वारा खेळता ठेवावा. साय धरून बोटाला चिकटेनासे झाले की पुढचा हात चढवावा.'
'पॉट लाइफ' हा शब्द गाळला. त्याऐवजी 'कालवल्यावर इतक्या मिनिटांत संपवा' असं येईल, आकडा कारखाना देईल.

ब्रशवाला
फडक्यांचं राहिलं की! जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली की आतल्या आत तापतात आणि काडी न लावता पेटतात. 'वापरलेली फडकी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत' हे मोठ्या अक्षरात घाला.

टरफल
आणि तिथेसुद्धा 'वाळवावीत' नको. 'एकेक सुटी पसरावी' पुरे.