शंभराला पंधरा म्हणजे नक्की किती?
"पंधरा दिवसांचं तर कर्ज, व्याज असून असून किती असणार?" असं पुढचे पैसे हातात येईपर्यंत घेतलेल्या छोट्या कर्जाबद्दल (पेडे लोन) सर्रास म्हटलं जातं. हिशेब इथेच फसतो. १४ दिवसांसाठी शंभरामागे १५ शुल्क, म्हणजे वर्षाला जवळपास ३९० टक्के. नोकरदाराचा पगार निदान ठरल्या तारखेला येतो. विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती किंवा अर्धवेळ कामाचे पैसे आठवडाभर लांबले की मुदतवाढ घ्यावी लागते, आणि तेव्हा भरलेले १५ मुद्दलातून वळते होत नाहीत. अशा चार मुदतवाढी झाल्या की ६० भरून झालेले असतात आणि शंभर जसेच्या तसे डोक्यावर.

कर्ज देणाऱ्याला दिलेल्या, खात्यातून परस्पर पैसे कापायच्या परवानगीबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. अर्ज करताना ती बहुतेक वेळा देऊन टाकलेली असते. शिल्लक नसताना कापायचा प्रयत्न झाला की बँकेचा दंड वेगळा, कर्ज देणाऱ्याचा वेगळा. पैसे जमणार नाहीत असं दिसताच, देय तारखेच्या तीन-चार दिवस आधीच कर्ज देणाऱ्याला लेखी कळवून हप्ते मागा आणि बँकेला ती परवानगी थांबवायला सांगा. कर्ज त्याने माफ होत नाही, पण भाड्याचे आणि जेवणाचे पैसे तरी खात्यात राहतात.