प्रीमेरीन आणि गाभण घोड्या: मदत कशी करावी?

प्रश्न: रजोनिवृत्तीच्या त्रासावरील प्रीमेरीन हे औषध गाभण घोड्यांच्या मूत्रातील इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकापासून बनते आणि त्यासाठी कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात घोड्यांना हिवाळ्यात अनेक महिने मूत्रसंकलनाची पिशवी बांधून अरुंद ठाणात उभे ठेवले जाते, असे वाचले. आई हेच औषध घेते. आपण काय करू शकतो?

उत्तर १: औषध परस्पर बंद करू नये. वनस्पतिजन्य घटकांपासून तयार केलेले इस्ट्राडिओल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) गोळी, जेल किंवा पट्टीच्या रूपात मिळते; ते आईंना चालेल का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावे.

उत्तर २: वरील सल्ला योग्य असला तरी अपुरा वाटतो. अमेरिकेतील मोठ्या चाचणीत, प्रोजेस्टिन या दुसऱ्या संप्रेरकासह हे औषध घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढल्याचे 2002 मध्ये जाहीर झाले, मागणी कोसळली, अनेक फार्म बंद पडले आणि हजारो घोड्या व शिंगरे अचानक नकोशी झाली; काहींना घरे मिळाली, काही कत्तलखान्यात गेली. पर्शेरॉनसारख्या अवजड जातीच्या घोड्याला पोसणे स्वस्त नसते. म्हणून कॅनडातील घोड्यांच्या पुनर्वसन संस्थांना, नोंदणी व हिशेब तपासून, चाऱ्यासाठी पैसे पाठवावेत.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. पुढच्या तपासणीत इस्ट्राडिओलबद्दल विचारेन.