व्हेरापामिलने केसीएलचे आकुंचन जाते, फिनाइलेफ्रिनचे टिकते: डोस कमी की आणखी काही?

बाथ_क्र_४
रॅटच्या महाधमनीच्या 3 मिमी रिंगा, 10 मिलीचा ऑर्गन बाथ (ऊती जिवंत ठेवून तिचे आकुंचन मोजायचे पात्र), 37 अंश, 2 ग्रॅम टेन्शन. 1 मायक्रोमोलर व्हेरापामिल (कॅल्शियम वाहिन्या अडवणारे औषध) 20 मिनिटे ठेवले की 60 मिलिमोलर केसीएलचे (पोटॅशियम क्लोराइडचे) आकुंचन जवळपास संपते. 1 मायक्रोमोलर फिनाइलेफ्रिनचे (रक्तवाहिनी आकुंचित करणारे औषध) मात्र निम्म्याहून जास्त उरते. व्हेरापामिल 10 मायक्रोमोलर केले की तेही चांगलेच दबते. मग डोस वाढवूनच काम करायचे का? शिवाय तीन-चारदा धुऊनही केसीएलचा प्रतिसाद पूर्ण परत येत नाही. रिंग मेली समजायची का?

कॅल्शियमवाला
डोस वाढवू नका, उत्तर या फरकातच आहे. केसीएल पेशीचे विध्रुवीकरण करते, म्हणजे पेशीपटलावरचा विद्युतदाब उतरवते, त्याने एल-प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्या उघडतात आणि कॅल्शियम बाहेरून आत येते. व्हेरापामिल नेमका हाच दरवाजा बंद करते. फिनाइलेफ्रिन अल्फा-1 ग्राहीमार्फत आयपी3 हा पेशीतला संदेशवाहक रेणू तयार करते, त्यामुळे पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटते. इतर वाहिन्यांतूनही थोडे येते, आणि रो-कायनेज या विकरामुळे स्नायूची कॅल्शियमबद्दलची संवेदनशीलता वाढते. यातल्या कशालाच एल-वाहिनी लागत नाही.

10 मायक्रोमोलरचा निकाल फसवा आहे. एवढ्या मात्रेत व्हेरापामिल अल्फा ग्राहींनाही अडवते. त्यावरून 'फिनाइलेफ्रिनचा कॅल्शियम प्रवेश रोखला' असे लिहाल, तर परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारेल.

धुणं_धुवा
रिंग मेली असेलच असे नाही. व्हेरापामिल मेदस्नेही आहे, ऊतीतून सावकाश निघते. 15-15 मिनिटांनी क्रेब्ज (बाथमधले क्षारद्रावण) बदलत तास-दीड तास द्या. तरीही एका रिंगेवर औषधाची एकच मालिका घ्यावी, आणि शेजारच्या बाथमध्ये फक्त द्रावक घातलेली रिंग त्याच वेळापत्रकाने चालवावी. प्रतिसाद काळानुसार आपोआपही घसरतो. ती रिंग नसेल तर घसरण औषधाची की वेळेची, हे सांगता येत नाही.

10 मिलीत 3 मोलर केसीएलचे 0.2 मिली घातले की साधारण 60 मिलिमोलर होते. पण त्याने ऑस्मोलॅरिटीही वाढते. म्हणून तेवढे सोडियम क्लोराइड कमी करून वेगळे उच्च-पोटॅशियम क्रेब्ज बनवा आणि बाथ त्याने बदला. केसीएलने चेतातंतूंतून नॉरअॅड्रेनालिनही सुटते, म्हणून 1 मायक्रोमोलर फेंटोलामिन (अल्फा ग्राही अडवणारे औषध) घालून एकदा तपासा.

अंतःस्तर (रक्तवाहिनीचा आतला पेशीथर) शाबूत आहे की काढलेला, तेही लिहा. फिनाइलेफ्रिनच्या पठारावर (आकुंचन स्थिरावल्यावर) 1 मायक्रोमोलर अॅसिटिलकोलिनने रिंग सैल झाली तर तो शाबूत आहे.

बाथ_क्र_४
अंतःस्तर काढलेला आहे. मग एल-वाहिनीच अडते हे नेमके दाखवायचे कसे?

कॅल्शियमवाला
कॅल्शियम वक्र काढा. आधी 0.1 मिलिमोलर ईजीटीए (कॅल्शियम बांधून ठेवणारे रसायन) असलेल्या कॅल्शियमविरहित क्रेब्जमध्ये फिनाइलेफ्रिन दोन-तीनदा देऊन साठा रिकामा करा. तिथला पहिला अल्पजीवी झटका साठ्याचा असतो, व्हेरापामिल त्याला फारसे धक्का लावत नाही. मग ईजीटीए धुऊन टाका, नाहीतर सुरुवातीच्या कॅल्शियम मात्रा तोच गिळतो आणि वक्र खोटाच उजवीकडे सरकलेला दिसतो. आता 60 मिलिमोलर पोटॅशियम असलेल्या कॅल्शियमविरहित द्रावणात कॅल्शियम क्लोराइड 0.03 पासून 3 मिलिमोलरपर्यंत टप्प्याटप्प्याने चढवा. व्हेरापामिलसह वक्र उजवीकडे सरकतो आणि शिखरही खाली येते.

व्हेरापामिल सगळ्या रिंगांना सारखाच वेळ द्या, आणि विध्रुवीकरणाआधी की नंतर हेही ठरवून ठेवा. ते विध्रुवित पेशीतल्या वाहिनीला जास्त घट्ट बसते. त्यामुळे आधी घातलेल्या आणि पठारावर घातलेल्या औषधाचे आयसी50 (प्रतिसाद निम्मा करणारी मात्रा) एका तक्त्यात मिसळू नका.

धुणं_धुवा
वरच्या मात्रांना बाथ दुधाळ दिसला तर तो वक्र टाकून द्या. कार्बोजेन (ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण) अडल्याने पीएच चढून कॅल्शियमचा साका झालेला असतो. क्रेब्ज बनवतानाही आधी कार्बोजेन सोडा, कॅल्शियम सगळ्यात शेवटी.